काळ्या माणसाच्या तबकड्या आम्ही पुन्हा पुन्हा का ऐकतो?

जॅझ म्हटले की आपल्याकडे डोळ्यांसमोर येते ते पंचतारांकित हॉटेल, मंद दिवे, हातात पेला धरून बसलेली सुखवस्तू मंडळी आणि कोपऱ्यात वाजणारा सॅक्सोफोन. ही बड्या लोकांची करमणूक, पोटाच्या आणि मानाच्या लढाईत गुंतलेल्या आंबेडकरी समाजाला तिचे काय, असा सवाल चळवळीतले कार्यकर्ते आम्हाला करतात. सवाल रास्त आहे, पण ज्या समजुतीवर तो उभा आहे ती समजूत खोटी आहे. जॅझ हे मालकांचे संगीत नाही. आफ्रिकेतून साखळदंडांनी बांधून आणलेल्या, बाजारात गुराढोरांसारख्या विकल्या गेलेल्या गुलामांच्या नातवंडा-पतवंडांनी ते घडवले. शेतावरची हाळी, प्रार्थनाघरातला आक्रोश आणि रस्त्यावरच्या मिरवणुकीचा ताल यांतून ते उभे राहिले. हॉटेलवाल्यांनी ते उचलून पेल्यांच्या किणकिणाटाखाली दाबले, हा त्या संगीताचा दोष नव्हे.

मुंबईत ते हॉटेलातूनच आले हे खरे. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय वादक आपला ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. पुढे गोव्याच्या गरीब ख्रिस्ती घरांतून आलेल्या वादकांनी ती विद्या आत्मसात केली आणि हिंदी सिनेमाच्या संगीतात ओतली. त्याच १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. अमेरिकेतला एक बहिष्कृत मुंबईत सन्मानाने वाजवत होता आणि इथला बहिष्कृत माणूसपणासाठी धर्म सोडण्याची भाषा बोलत होता. दोघांची भेट मात्र झाली नाही. ताजच्या भिंतीआडचा तो सूर आमच्या चाळीपर्यंत पोहोचलाच नाही.

विचारांची भेट त्याआधीच झाली होती. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि तो अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. हार्लेम ही काळ्यांची वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ साली मुंबईत तरुणांनी संघटना काढली तेव्हा ब्लॅक पँथरवरून तिचे नाव दलित पँथर ठेवले. हे नाते आम्ही वाचले, लिहिले, भाषणांतून सांगितले. पण ऐकले किती? काळ्यांच्या कविता आम्ही अनुवादल्या, त्यांचे नेते आम्हाला पाठ आहेत, आणि त्यांनी आपले काळीज ज्या तबकड्यांत ओतले त्या मात्र आम्ही हॉटेलवाल्यांना देऊन टाकल्या.

म्हणून आज आम्ही वाचकांपुढे पाच अल्बम ठेवतो. ते १९५८ ते १९६४ या अवघ्या सहा-सात वर्षांत ध्वनिमुद्रित झाले. याच काळात अमेरिकेत शाळेच्या दारात, बसमध्ये, खानावळीच्या बाकावर समतेची लढाई चालली होती. रस्त्यावर जे घडत होते ते स्टुडिओत उमटत होते. हे अल्बम एकदा ऐकून बाजूला ठेवण्याचे नाहीत. आमच्या अनुभवाने सांगतो, दर खेपेला ते नवे काही हाती देतात.

पहिला अल्बम सनी रॉलिन्सचा, ‘फ्रीडम स्वीट’, १९५८ सालचा. स्वीट म्हणजे अनेक भाग जोडून केलेली एकसंध रचना. ही रचना एकोणीस मिनिटांहून मोठी आहे आणि ती वाजवणारे तिघेच : सॅक्सोफोनवर रॉलिन्स, डबल बासवर ऑस्कर पेटीफर्ड आणि ड्रमवर मॅक्स रोच. पियानो नाही. पियानो असला की तो सुरांची चौकट आखून देतो. रॉलिन्सने ती चौकटच काढून टाकली आणि मोकळ्या जागेत तो एकटा चालत निघाला. स्वातंत्र्यावर भाषण न करता तो स्वतंत्रपणे वाजवून दाखवतो. तबकडीच्या वेष्टनावर त्याने चार ओळींचे निवेदन छापले. अमेरिकेची संस्कृती जो सर्वांत हक्काने आपली म्हणू शकतो, त्याच काळ्या माणसाला तिथे माणुसकी नाकारली जाते, असा त्याचा आशय. नाव झालेले, पैसा मिळू लागलेला, तरी काळा म्हणून न्यूयॉर्कमध्ये भाड्याने घर मिळताना त्याला अडचण आली, त्या संतापातून हे उमटले. आडनाव विचारून ‘खोली भाड्याने द्यायची नाही’ असे उत्तर ज्याने पुण्या-मुंबईत ऐकले आहे, त्याला ही रचना समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे कंपनीने हाच अल्बम ‘शॅडो वॉल्ट्झ’ अशा निरुपद्रवी नावाने पुन्हा बाजारात आणला. स्वातंत्र्य हा शब्द बोचणारे लोक सगळीकडे सारखेच! हाच रॉलिन्स साठच्या दशकाच्या अखेरीस मनःशांतीच्या शोधात मुंबईला येऊन पवईच्या एका आश्रमात राहिला आणि १९७८ साली मुंबईच्या पहिल्या जॅझ यात्रेत वाजवून गेला. आमच्या वस्त्यांपासून तो किती जवळ होता आणि किती दूर!

दुसरा अल्बम सर्वांत प्रसिद्ध, माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’. १९५९ च्या मार्च आणि एप्रिलमध्ये दोन दिवसांत तो न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित झाला. ज्यांनी कधीच जॅझ ऐकले नाही त्यांनी इथून सुरुवात करावी. यात घाई नाही, आरडाओरडा नाही. भराभर बदलणाऱ्या स्वरसंगती बाजूला सारून थोडक्या स्वरांच्या सप्तकावर रेंगाळत विस्तार करायचा, अशी ही पद्धत. त्यामुळे रागदारीची सवय असलेल्या आपल्या कानाला ती लवकर ओळखीची वाटते. माइल्सची ट्रंपेट कमी बोलते आणि दोन सुरांमधली शांतता जास्त बोलते. हा अल्बम अमेरिकेतच पन्नास लाखांवर खपला आहे.

पण त्या वर्षी काय घडले तेही माहीत हवे. १७ ऑगस्ट १९५९ रोजी अल्बम बाजारात आला. २५ ऑगस्टच्या रात्री माइल्स न्यूयॉर्कच्या ‘बर्डलँड’ क्लबबाहेर कार्यक्रमाच्या मधल्या वेळात सिगारेट ओढत उभा होता. एका गोऱ्या बाईला त्याने टॅक्सीपर्यंत पोहोचवले होते. पोलिसाने त्याला तिथून हटायला सांगितले. त्याने वर लावलेल्या पाटीवरचे स्वतःचे नाव दाखवले, आपण इथेच वाजवतो असे सांगितले. उत्तर म्हणून डोक्यात दंडुका बसला, कपडे रक्ताने भिजले आणि वर अटक झाली. खटला पुढे टिकला नाही, ही गोष्ट वेगळी.

हे वाचताना आम्हाला १९१७ चे बडोदे आठवते. कोलंबियाची पदवी, लंडनचे शिक्षण, संस्थानात मोठ्या हुद्द्याची नोकरी, आणि राहायला जागा नाही. पारशांच्या सरायीत काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाबासाहेबांना बाहेर काढले. गुणवत्ता मिळवा, मग जात आपोआप गळून पडेल, असे आजही सांगणाऱ्या शहाण्यांनी पाटीखाली रक्ताळलेला माइल्स आणि बडोद्याच्या बागेत बसलेले बाबासाहेब यांच्याकडे एकदा पाहावे. गुणवत्ता मिळवायचीच, ती आमच्या हक्काची आहे. पण व्यवस्था बदलल्याशिवाय ती तुमचे डोके वाचवत नाही.

याच अल्बमची दुसरी बाजूही सांगू. यातला मुख्य पियानोवादक बिल इव्हान्स गोरा होता. काळ्यांच्या ताफ्यात गोरा कशाला, अशी कुरकुर काही काळ्या श्रोत्यांनी केली. माइल्सने ती ऐकली नाही; त्याला तो सूर हवा होता. १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. लढाई व्यवस्थेशी आहे, कातडीशी किंवा जन्माशी नाही, हे दोन्हीकडच्या शहाण्या माणसांना ठाऊक होते.

तिसरा चार्ल्स मिंगसचा. मिंगस लहानपणी सेलो शिकला, पण पाश्चात्त्य शास्त्रीय वाद्यवृंदाची दारे काळ्या मुलाला बंद होती, म्हणून तो डबल बासकडे वळला. १९५९ च्या ‘मिंगस आ अम’ या अल्बममध्ये ‘फेबल्स ऑफ फॉबस’ नावाची रचना आहे. ऑर्व्हल फॉबस हा आर्कान्सा राज्याचा गव्हर्नर. १९५७ साली लिटल रॉक गावच्या शाळेत नऊ काळी मुले शिकायला निघाली, तेव्हा त्यांना अडवण्यासाठी याने दारात बंदूकधारी सैनिक उभे केले होते. लुई आर्मस्ट्राँगसारखा हसतमुख म्हणून ओळखला जाणारा कलावंतही तेव्हा संतापला आणि सरकारतर्फे रशियाच्या दौऱ्यावर जायला त्याने नकार दिला. मिंगसने त्या गव्हर्नरची सुरांतून टर उडवली. ही चाल ऐका : पाय फेंगाडे टाकत चाललेला, स्वतःला फार मोठा समजणारा एखादा सरंजामदार डोळ्यांपुढे उभा राहतो. आपल्या वगनाट्यातल्या सोंगाड्याने पाटलाची नक्कल करावी तसा हा प्रकार आहे.

बड्या कंपनीच्या या तबकडीवर रचना शब्दांविना आली. पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, ‘कँडिड’ या छोट्या कंपनीसाठी मिंगसने ती पुन्हा वाजवली, या वेळी शब्दांसह. मिंगस हाक देतो, ड्रमवादक डॅनी रिचमंड साद देतो, आणि वंशद्वेष्ट्यांची नावे घेऊन त्यांचे धिंडवडे काढले जातात. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकाव्यात. मालकाच्या घरात काय बोलता येते आणि आपल्या ओसरीवर काय बोलता येते, यातला फरक दुसरा कुणी इतका स्वच्छ दाखवणार नाही. दुसऱ्या अल्बमच्या सुरुवातीला मिंगस जणू क्लबात बसलेल्या श्रोत्यांना बजावतो : टाळ्या नकोत, पेल्यांचा आवाज नको, गल्ल्याची घंटा नको. स्टुडिओत श्रोते नव्हतेच! पण पेल्यांच्या किणकिणाटात आपली कला विकली जाण्याची चीड त्याच्या मनात इतकी खोल होती. गावच्या पाटलाचे लग्न, वाजंत्री महार-मांगवाड्यातले, वाजवायला मांडवापुढे आणि जेवायला सर्वांत शेवटी लांब उकिरड्याकडेला, हे ज्यांच्या वाडवडिलांनी भोगले त्यांना मिंगसचा हा राग परका वाटणार नाही. हार्लेमच्या कॉटन क्लबात हेच चालत असे : मंचावर काळे, खुर्च्यांवर गोरे.

चौथा अल्बम आमच्या मते प्रत्येक कार्यकर्त्याने ऐकलाच पाहिजे. नाव ‘वुई इन्सिस्ट!’, अर्थात आमचा आग्रह आहे, आम्ही मागे हटणार नाही. १९६० च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ड्रमवादक मॅक्स रोच, गीतकार ऑस्कर ब्राउन ज्युनियर आणि गायिका ॲबी लिंकन यांनी तो साकारला. वेष्टनावरचे छायाचित्र पाहा : खानावळीच्या बाकावर बसून तीन काळे तरुण रोखून पाहताहेत आणि मागे गोरा नोकर उभा आहे. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला ग्रीन्सबोरो गावी चार काळ्या विद्यार्थ्यांनी गोऱ्यांच्या बाकावर बसून सत्याग्रह सुरू केला होता. ग्रीन्सबोरोचा बाक आणि महाडचे तळे यांत अंतर आहे ते फक्त मैलांचे.

अल्बममध्ये पाच भाग आहेत. पहिला गुलामांवर चाबूक चालवणाऱ्या मुकादमाचा. पाच मात्रांचा रखडत चालणारा ताल, आणि दर आवर्तनाला चाबकासारखा पडणारा आघात. यात कोलमन हॉकिन्स हा बुजुर्ग सॅक्सोफोनवादक वाजवतो. वाजवताना एके ठिकाणी त्याचा सूर चिरकला. तो भाग कापून नीट करू, असे सुचवल्यावर त्याने नकार दिला. अशा रचनेत सगळेच निर्दोष असेल तर काहीतरी खोटे आहे, असे त्याचे म्हणणे. तो चिरकलेला सूर आजही तबकडीवर आहे. दुसरा भाग मुक्तीच्या बातमीचा : बातमी खरी का, विश्वास ठेवावा का, अशी धाकधूक त्यात आहे. तिसऱ्यात फक्त ॲबीचा आवाज आणि रोचचे ड्रम. आधी प्रार्थना, मग निषेध, मग शांती. निषेधात शब्द नाहीत. ॲबी मिनिटाहून अधिक काळ नुसती किंचाळते. पहिल्यांदा ऐकताना माणूस दचकतो, आवाज कमी करायला हात जातो. तो हात आवरावा. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या बायकांनी तोंडात पदर कोंबून रडणे गिळले, त्यांचा हा आवाज आहे. खैरलांजी आम्ही २००६ साली पाहिली आहे. शेवटचे दोन भाग आफ्रिकेचे. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिलला पोलिसांनी ६९ काळ्यांना गोळ्या घालून मारले, त्या दुःखाशी अमेरिकेतल्या काळ्याने आपले दुःख इथे जोडून घेतले. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने या संगीतावर बंदी आणली, यातच त्याचे यश आहे.

किंमत मात्र कलावंतांनी मोजली. फार बोलते, कला सोडून प्रचार करते, अशी टीका ॲबीवर झाली. १९६१ च्या अल्बमनंतर दशकाहून अधिक काळ तिच्या नावाने नवा अल्बम आला नाही. रोच मात्र भिडस्त नव्हता. १९६१ साली आफ्रिकेसंबंधी एका संस्थेच्या मदतीसाठी माइल्सचा कार्यक्रम होता. ती संस्था रोचला मान्य नव्हती. तेव्हा तो फलक घेऊन थेट आपल्या मित्राच्याच मंचावर जाऊन बसला! मतभेद आमच्यातच आहेत असे समजून खिन्न होणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.

पाचवा जॉन कोल्ट्रेनचा ‘अ लव्ह सुप्रीम’. पण त्याआधी त्याची एक छोटी रचना ऐकणे आवश्यक आहे. १५ सप्टेंबर १९६३ रोजी अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात काळ्यांच्या चर्चमध्ये वंशद्वेष्ट्यांनी बॉम्ब उडवला. चार मुली ठार झाल्या, तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा वर्षांची. दोन महिन्यांनी कोल्ट्रेनने ‘अलाबामा’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. ‘लाइव्ह ॲट बर्डलँड’ या अल्बमवर ती आहे. एकही शब्द नाही. पियानो खाली घुमत राहतो आणि त्यावर सॅक्सोफोन शोकसभेत बोलणाऱ्या माणसासारखा थांबत, आवंढा गिळत बोलतो. जे वाजते त्यात नारा नाही, म्हणून ते विद्रोही नाही, असे म्हणणाऱ्यांना आम्ही ही पाच मिनिटे ऐकायला सांगतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात आमचे दहा बांधव गेले आणि काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी त्या दुःखात आपले जीवन संपवले. शोकाला सूर सापडला नाही तर तो माणसाला आतून खातो. चळवळीला शोक व्यक्त करणारी कलाही लागते, केवळ जयघोष पुरत नाही.

‘अ लव्ह सुप्रीम’ ९ डिसेंबर १९६४ रोजी एकाच बैठकीत वाजवला गेला. चार भाग, तेहतीस मिनिटे. कोल्ट्रेनने तो ईश्वराला अर्पण केला आहे. आम्ही बुद्धाच्या वाटेचे. आम्हाला ईश्वर नको. तरीही आम्ही हा अल्बम पुन्हा पुन्हा ऐकतो, कारण त्यामागे व्यसनाच्या गाळातून स्वतःला बाहेर काढलेला माणूस आहे. हेरॉइन आणि दारूने कोल्ट्रेनला जवळजवळ संपवले होते. १९५७ साली त्याने दोन्ही सोडले आणि पुढची सात वर्षे रियाजात घालवली. पहिल्या भागातला चार स्वरांचा साधा तुकडा तो एकेका पट्टीत फिरवत बाराही पट्ट्यांत नेतो, जणू घराचा प्रत्येक कोपरा झाडून काढतो. शेवटच्या भागात स्वतः लिहिलेले प्रार्थनाकाव्य तो तोंडाने न म्हणता सॅक्सोफोनवर अक्षरशः वाचतो. चाळिसाव्या वर्षी, १९६७ साली, तो गेला. दारूच्या गुत्त्यांनी आमच्या वस्त्यांतली किती तरणी पोरे गिळली, हे वाचकांना सांगायला नको. शील म्हणजे काय, हे तेहतीस मिनिटांत ऐकायचे असेल तर हा अल्बम आहे.

कुणी म्हणेल, चळवळीच्या माणसाला हे चोचले कशाला? ग्रंथ, संविधान, आंदोलने यांच्या रगाड्यात बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. ज्यांना वेळेची सर्वांत जास्त टंचाई होती त्यांनी सुरांसाठी वेळ काढला. माणूसपणाचा हक्क मागायचा तर त्यात सौंदर्याचा हक्कही आला. जॅझचा ताफा नीट ऐकला तर दिसते की प्रत्येकाला आपली पाळी मिळते, आपल्या पाळीत तो मोकळा असतो आणि बाकीचे त्याला सावरून धरतात. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी इतक्या थोडक्यात दुसरीकडे कुठे ऐकू येईल?

आणखी एक गोष्ट. हे अल्बम आम्ही साठ वर्षांनंतर पुन्हा पुन्हा ऐकू शकतो, कारण ते जपले गेले. मिंगस आणि रोच यांनी १९५२ सालीच स्वतःची तबकडी-कंपनी काढली होती. आपला सूर परक्याच्या तिजोरीत राहू नये ही त्यांची जिद्द. ‘काइंड ऑफ ब्लू’ला २००२ मध्ये आणि ‘वुई इन्सिस्ट!’ला २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने कायम जतन करण्याच्या यादीत घेतले. ज्याला एकेकाळी दाबले, तेच देशाला आज आपला ठेवा म्हणून मिरवावे लागते.

आणि आमचे काय? भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप यांच्यापर्यंत, आणि ज्यांची नावेही कुठे छापून आली नाहीत अशा गावोगावच्या गायन पार्ट्यांपर्यंत, आमच्याकडे सुरांची केवढी दौलत! एकेकाळी घरोघरी भीमगीतांच्या कॅसेट होत्या. त्या आज कुठल्या माळ्यावर, कुठल्या ट्रंकेत बुरशी धरून पडल्या आहेत? जयंतीला डीजेच्या भिंती उभ्या करायला वर्गणी जमते. त्यातला थोडा पैसा जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घ्यायला आणि म्हाताऱ्या गायकांना सन्मानाने बोलावून ध्वनिमुद्रित करायला का लागू नये? हे काम सरकार करणार नाही, प्रस्थापितांची माध्यमे तर मुळीच नाहीत.

प्रत्येक बुद्धविहारात महिन्यातून एक संध्याकाळ ऐकण्याची ठेवा. अर्धा वेळ कोल्ट्रेन, मिंगस, ॲबी लिंकन. अर्धा वेळ वामनदादा आणि तुमच्या तालुक्यातला विसरलेला शाहीर. वरचे सगळे अल्बम आज मोबाइलवर सहज मिळतात, त्याला ताजमहाल हॉटेलात जावे लागत नाही. आमचे मात्र अजून मिळत नाहीत. ते मिळवून देणे हे तुमचे-आमचे काम आहे, आणि गाणारे कंठ जिवंत आहेत तोवरच ते करता येईल.